लग्नपत्रिकेएवढी उंची

यंदा कूलर माळ्यावरून उतरवायला मी मुद्दामच उशीर केला. पाडव्यापासून सगळ्या गल्लीचे कूलर घरघरायला लागले होते. शेजारचे नाना रोज सकाळी कुंपणावरून विचारायचे, "यंदा कूलर नही लावा का, मिस्तरी?" मी म्हणायचो, लावू हो, काय घाई आहे. शेवटी एका दुपारी फरशीवर पाय ठेववेना, तेव्हा उतरवला. टाकी घासली, जाळीतलं जुनं गवत काढून नवं भरलं, पाणी सोडलं. ओल्या गवताचा तो पहिला वास खोलीभर पसरला. धुळ्यात उन्हाळा काढलेल्या माणसाला त्या वासानं बरं वाटतं. मी मात्र कूलर बंद करून ओट्यावर जाऊन बसलो.

मधल्या खोलीत, कूलरपासून लांबच्या भिंतीवर एक गिटार टांगलेली आहे. ती मंदाची. मंदा म्हणजे माझी बायको.

मी साक्री रोडला पस्तीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केले. संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही. पण गॅप कळतो. इंजिनाच्या टॅपेटला किती फट हवी, हे बघायला आमच्याकडे फिलर असतो. पोलादाची पातळ पातळ पानं, प्रत्येकावर जाडीचा आकडा. फटीत पान घालायचं. अडकलं तर फट कमी, सळसळून गेलं तर जास्त, आणि लोण्यातून सुरी जावी तसं जरासं धरून गेलं तर बरोबर. पिंपळनेरपासून शेतकरी माझ्याकडे गाड्या आणायचे, कारण मिस्तरीनं लावलेला गॅप हलत नाही असं नाव झालं होतं. "मिस्तरीना हात लागना म्हंजे बठ्ठं ठीक शे," म्हणायचे लोक. म्हणजे सगळं ठीक. ते ऐकून मी फुगायचो. खोटं कशाला बोलू?

गिटार मुळात आमच्या मुलाची, प्रशांतची. कॉलेजात असताना हौसेनं घेतली, चार महिने टिंगटिंग केली आणि पुण्याला नोकरी लागल्यावर कपाटावर टाकून गेला. मंदा प्राथमिक शाळेत बाई होती. निवृत्त झाली आणि दुसऱ्या का तिसऱ्या आठवड्यात स्टूल लावून तिनं ती गिटार खाली काढली. पदरानं पुसली. म्हणाली, "एवढी वस्तू घरात पडून आहे, मी शिकते." मला वाटलं गंमत करते. पण ती फोनवर धडे लावून बसायला लागली. चष्मा नाकावर, मांडीवर गिटार, समोर तांब्याला टेकवलेला फोन. त्यातला पोरगेलासा मास्तर सांगायचा, "बोट पुरतं दाबलं नाही तर तार चरचरेल." मंदा मान डोलवायची, शाळेतली पोरं तिच्यापुढे डोलवायची तशीच.

नाना चेष्टा करायचे. "काय वहिनी, आते आर्केस्ट्रामा जाई राहिन्यात का?" मंदा ऐकून घेणाऱ्यातली नव्हतीच. "जाते ना, नाना. पहिलं तिकीट तुम्हालाच फाडते."

आठ दिवसांत तिच्या डाव्या हाताच्या बोटांवर तारांचे वळ पडले. मी म्हटलं, आण इकडे ते यंत्र. गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात. बारावी पट्टी तारेच्या बरोबर मध्यावर येते, तार किती उंच ते तिथं मोजतात, एवढं मी त्या मास्तराच्याच तोंडून ऐकलं होतं. फिलरची पानं एकावर एक धरून पट्टी आणि तार यांच्यामध्ये सरकवली. साडेतीन मिलिमीटर. म्हणजे बोटाला प्रत्येक वेळी एवढी तार दाबून खाली न्यायची! गाडी असती तर मालकाला शिव्या घातल्या असत्या. खालच्या बाजूला तारा जिच्यावर टेकतात ती पांढरी पट्टी असते, सतारीला घोडी असते तशी. ती काढली, काचेवर पॉलिशपेपर ठेवून बुडाकडून घासली. बारावीवर अर्धा कमी करायचा तर घोडी एक मिलिमीटर घासावी लागते, हे गणित मला आपसूक कळलं. घासून, बसवून, परत मोजली. मंदानं तार दाबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, ही तर ऐकायला लागली!"

इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला इतकं खूश कधी केलं नव्हतं. साडी आणली तर रंग चुकायचा.

मग तिच्या बोटांना संधिवात लागला. सकाळी मूठ वळायची नाही. पोळी लाटताना लाटणं गोल फिरायचं नाही. जळगावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, हाताला आराम द्या म्हणाले. तिनं आराम दिला तो पोळ्यांना. गिटार सोडली नाही. बोटं जरा जास्त कडक झाली की मला म्हणायची, "थोडी खाली घेता का?" मी घ्यायचो. बारीक तारा लावल्या. अडीचवर आणली, मग सव्वादोनवर. मोजायचं, घासायचं, बसवायचं. हे आमच्या दोघांचंच काम होतं, त्यात तिसऱ्याचा हात नव्हता. दुखतंय का, असं मी तिला कधी तोंडानं विचारलं नाही. फिलर घेऊन बसायचो, तेच माझं विचारणं.

आता त्या उन्हाळ्याचं सांगतो. तीन वर्षं झाली.

त्या वर्षी तिनं मनात धरलं होतं की आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बोदवडला गिटार न्यायची. बोदवड तिचं माहेर. आखाजीला आमच्याकडे सासरवाशिणी माहेरी जातात, लिंबाला झोका बांधतात, गाणी म्हणतात. मंदा साठीला आली तरी तिचा झोका सुटला नव्हता. चार बहिणींत ती सगळ्यांत धाकटी, आवाजानं बारीक. गाण्यात तिचा आवाज थोरल्या बहिणींच्या आवाजाखाली कायम दबलेला. या वेळी मात्र ती मधे बसून वाजवणार होती आणि सगळ्या तिच्या तालावर गाणार होत्या. आईच्या तोंडची दोन गाणी तिनं गिटारवर बसवली होती. फाल्गुनापासून ती त्याच दोन गाण्यांवर होती. मलासुद्धा पाठ झाली, न्हाणीघरात म्हणायला लागलो.

चैत्राच्या मध्यावर तिची बोटं फार सुजली. "आखाजीपुरतं तरी जमवा हो," म्हणाली. मी मोजलं. सव्वादोन. हिंमत केली आणि एकदम पावणेदोनवर आणली. घोडी चांगली मिलिमीटरभर गेली. तार अशी मऊ झाली की मंदा दोन्ही गाणी न थांबता वाजवून गेली, आणि मग गिटार उराशी धरून बसली. "आता बघतेच अक्का काय म्हणते ते!" अक्का म्हणजे तिची सगळ्यांत थोरली बहीण. मी बाहेर जाऊन नानांना उगाच कलिंगडाची फोड देऊन आलो, इतका मी खूश होतो.

यात माझं काय चुकलं, ते मला तेव्हा कळलं नाही. पस्तीस वर्षं लोखंडात गेली. लोखंड पाणी पीत नाही. लाकूड पितं. गिटार होळीपासून महिनाभर कूलरच्या तोंडाशी टांगलेली होती, रात्रंदिवस ओला वारा खात होती, त्यानं तिचं पोट फुगलं होतं आणि तारा वर उचलल्या गेल्या होत्या. मी मोजली ती फुगलेल्या लाकडावरची उंची. दाराची चौकट पावसाळ्यात रंधून काढणाऱ्या सुताराला आम्ही हसतो. मी तेच केलं.

चैत्री पौर्णिमा उलटली आणि आमच्या गल्लीची बोअर आटली. टँकर यायचा तो चार दिवसांनी. प्यायलाच पाणी मोजून, तिथं कूलरला कुठून घालणार? कूलर कोरडा फिरायचा आणि भट्टीसारखी हवा फेकायचा. भिंतींना हात लावला तर चटका बसायचा. कपडे दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळायचे. खिडकीच्या फळ्यांना भेगा गेल्या, माझ्या टाचांना गेल्या. भिंतीवर टांगलेली गिटार आतून सुकत होती, तिकडे माझं लक्ष गेलं नाही.

आखाजी आठवड्यावर आली असताना तारा चरचरायला लागल्या.

मंदा म्हणाली, "बोटं पुरत नाहीत." फोनमधल्या मास्तरानं तेच तर शिकवलं होतं, बोट कमी दाबलं की तार चरचरते. म्हणून तिनं आणखी दाबलं. पहिल्या दिवशी तासभर. दुसऱ्या दिवशी सकाळ-संध्याकाळ. दात ओठावर ठेवून दाबायची, सुजलेल्या बोटांची टोकं पांढरी पडायची, आणि तार तरी चर्रच करायची. त्या तसल्या उन्हात ती कोमट पाण्याच्या भांड्यात हात बुडवून बसायची आणि परत गिटार घ्यायची. मी समोर पेपर वाचत होतो. "नको गं एवढं करू," म्हटलं असेन एक-दोनदा. तिसऱ्या दिवशी तिनं दोन्ही गाणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवून बघितली. मग प्रशांतची जुनी पिशवी आणली, गिटार आत घातली, चेन ओढली. चेन तिच्या बोटांनी सरकेना, ती मी ओढून दिली.

"झालं," म्हणाली. "संपली माझी बोटं."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती नानांकडे पापड लाटायला म्हणून गेली. लाटणं तिला जमायचं नाही, पण उन्हात वाळत घालायला बसायची. घरात मी एकटाच. सहज चाळा म्हणून पिशवी उघडली, गिटार आडवी ठेवली आणि मोकळ्या तारेवर अंगठा फिरवला. बोट कुठेच दाबलेलं नाही, नुसती मोकळी तार.

चर्र.

फिलर आणला. पावणेदोनची तार सव्वावर आली होती. पट्ट्यांना जवळजवळ टेकलेली. जगातला मोठ्यातला मोठा वादक आणून बसवला असता तरी ती चरचरलीच असती. तिच्या बोटांचा काडीचा दोष नव्हता. घोडी मी जास्त घासली होती.

इलाज काय होता, सांगू? दहा मिनिटांचा. मेकॅनिकला फट वाढवायला कोणी शिकवावं लागत नाही, बुडाशी पॅकिंग टाकायचं. टेबलावर कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका पडली होती, चांगली जाड पुठ्ठ्याची, सोनेरी काठाची. तिच्या घोडीएवढ्या रुंद दोन पट्ट्या कापल्या, घोडीखाली सरकवल्या, तारा चढवल्या, मोजलं. परत अंगठा फिरवला. स्वच्छ. एका लग्नपत्रिकेच्या जाडीसाठी तीन दिवस ती बाई बोटं झिजवत बसली होती, आणि मी समोर पेपर वाचत होतो.

संध्याकाळी ती आली. हाताला पापडाचं पीठ होतं. मी गिटार बाहेर काढून खुर्चीवर ठेवली होती. म्हटलं, "मंदा, एकदा वाजवून बघ गं."

ती दारातच उभी राहिली. "नका ना हो आशा लावू," म्हणाली. "आत्ताशी कुठे मनाला समजावलंय."

इथं मला एक वाक्य बोलायचं होतं. तुझी बोटं नाहीत गं, माझी चूक झाली. बस. एवढंच. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, आणि मी म्हणालो, "बरं. राहू दे."

का? तीन वर्षं स्वतःला विचारतोय. तेव्हा मनात म्हटलं, डॉक्टर आराम द्या म्हणालेच आहेत, सुटतेय तर सुटू दे, हात तरी वाचेल. हे सोंग होतं. खरं कारण असं की मिस्तरीचा गॅप चुकला, हे मला उभ्या जन्मात कोणाला सांगावं लागलं नव्हतं, आणि पहिल्यांदा सांगायचं ते नेमकं तिला, जी तीन दिवस माझ्यामुळे सोसत होती. लाज वाटली. माझ्या लाजेची किंमत तिच्या बोटांनी दिली. आणखी काय लिहू?

आखाजीला आम्ही बोदवडला गेलो. धुळ्याहून एसटीनं जळगाव, तिथून रेल्वे. वाटेत दोन्ही बाजूला केळीच्या बागा उन्हानं करपलेल्या. मंदाच्या मांडीवर गोड सांजोऱ्यांचा डबा होता. मेहुण्याच्या अंगणात झोका बांधलेला, बायका जमलेल्या. अक्कानं लांबूनच हाक मारली, "काय व मंदे, वाजा नही आणला?" वर्षभर फोनवर मंदानं तिला त्या वाज्याचं सांगितलं होतं.

मंदानं डावा हात वर करून दाखवला. हसत म्हणाली, "ही ऐकत नाहीत आता, अक्का."

मी ओट्यावर मेहुण्याशेजारी डांगराच्या, म्हणजे खरबुजाच्या, फोडी खात बसलो होतो. मला ऐकू आलं. अजून वेळ गेली नव्हती. गिटार धुळ्यात होती, पण शब्द तर माझ्याजवळच होते. मी दुसरी फोड उचलली. झोका हलायला लागला, आईची गाणी सुरू झाली आणि मंदाचा बारीक आवाज थोरल्या बहिणींच्या आवाजाखाली गेला. मी खूप कान दिला. मला तो वेगळा काढता आला नाही.

पुढे हात बिघडतच गेला. वर्षभरात कदाचित गिटार सुटलीच असती, नाही असं मी म्हणत नाही. पण ती एक आखाजी तिची होती. तेवढी तिला मिळायला हवी होती.

सांगू, सांगू म्हणता पावसाळा आला, मग दिवाळी, मग ते इतकं जुनं झालं की शिळ्या कढीला ऊत कशाला, असं म्हणून मीच मला गप्प केलं. गिटार मात्र नीट ठेवली. उन्हाळ्यात ती कूलरपासून लांब न्यायची, थंडीत घोडीखाली आणखी एक पातळ पट्टी, पावसाळ्यात ती काढायची. दर महिन्याला बाराव्या पट्टीवर मोजायचो. मंदा बघायची आणि म्हणायची, "आता कोण वाजवतंय, कशाला जीव पाखडता?" तिला ते प्रेम वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. छातीचं दुखणं निघालं, जळगावला बारा दिवस दवाखान्यात होती. शेजारच्या खाटेवर असोद्याची एक म्हातारी होती, तिच्याशी मंदाची गट्टी जमली. एका सकाळी मी चहा घेऊन आलो तर मंदा तिला सांगत होती, "मी गिटार वाजवायचे, मावशी. खरंच! पण माझीच बोटं दगा देऊन गेली. ह्यांनी मात्र शेवटपर्यंत जपली हो. ह्यांचा हात कधी चुकला नाही." म्हातारी माझ्याकडे बघून कौतुकानं म्हणाली, "नशीबवान आहेस, बाई."

मी चहा ओतला. कपात ओतायचा तो बशीत ओतला.

आणि परवा आखाजी झाली. आखाजीला आम्ही गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतो. नवी मातीची घागर, तिच्यावर डांगर, सांजोरी, दोन आंबे. मंदाच्या नावाची ही पहिली घागर. प्रशांत पुण्याहून आला. त्यानं पाणी भरलं, मी बाजूला बसलो होतो. पुरणपोळी आणि आमरसाचं पान तिच्या नावानं वाढलं. जेवणं झाल्यावर दुपारी पोरगा मधल्या खोलीत गेला आणि भिंतीवरची गिटार काढून मांडीवर घेतली. कितीतरी वर्षांनी त्यानं हात लावला. दोन-तीन वेळा चाचपडला, मग वाजवायला लागला. एकही तार चरचरली नाही.

"बाबा, ही तर काय मस्त वाजते!" तो म्हणाला. "इतकी हलकी! आईला सहज जमलं असतं. तिनं सोडली का?"

मी त्याला सगळं सांगितलं. कूलर, बोअर, घोडी, पत्रिकेच्या पट्ट्या, अक्काला दाखवलेला हात. कुठेही लपवलं नाही. बोलताना मध्येच मला रडू आलं, तरी थांबलो नाही. तो ऐकत होता. मला वाटलं चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. नाही तर मला जवळ घेईल, जाऊ द्या म्हणेल, तेही चाललं असतं.

त्यानं गिटार हळूच खाटेवर ठेवली. अगदी साध्या आवाजात, कोणी किराणा आणायला विसरलं तर म्हणावं तसं म्हणाला, "मग तेव्हाच सांगायचं ना, बाबा. ती हसली असती."

हो. हसलीच असती.